अटलांटिकची तार आणि रावेरची उतरलेली बॅटरी

(थ्रेड)

१/
डिसेंबरातली पहाट. रावेरमधील एका अंगणात वीस वर्षांची जुनी मोटार उभी आहे. आदल्या संध्याकाळी ती सावद्याहून विनातक्रार आलेली असते. आज किल्ली फिरवताच ‘टक्’ एवढाच आवाज येतो. शेजारचे चौघे धक्का मारतात, गाडी सुरू होते आणि दिवसभर नीट चालते. तीन दिवसांनी पुन्हा तेच. मग नवी बॅटरी येते. महिन्याभरात तीही उतरते.

जुन्या गाड्यांच्या मालकांना हा अनुभव नवा नाही. मात्र असा लपलेला बिघाड शोधण्याची रीत कोठून आली, हे फारसे कोणाला ठाऊक नसते. ती मोटारींच्या कारखान्यात घडली नाही. तिचे मूळ १८५८ साली अटलांटिक महासागराच्या तळाशी मुक्या झालेल्या एका तारेत आहे.

२/
आधी रोगाची ओळख. जुन्या गाडीतील विजेच्या तक्रारी बहुधा दोन प्रकारच्या असतात.

पहिली गळती. गाडी बंद असतानाही कोठून तरी थोडा थोडा प्रवाह वाहत राहतो आणि रात्रीतून बॅटरी रिकामी होते.

दुसरी अडखळ. जोड सैल झालेला असतो, गंजलेला असतो किंवा वायर आतून तुटत आलेली असते. प्रवाह कधी वाहतो, कधी थांबतो. गॅरेजमध्ये सगळे ठीक दिसते आणि रस्त्यावर दिवे मिणमिणतात.

दोन्ही रोग मोटारीहून जुने आहेत. ते प्रथम मोठ्या प्रमाणावर दिसले तारायंत्रात.

३/
भारतात तारायंत्राचा पहिला मोठा प्रयोग १८३९ साली विल्यम ओशॉनेसी या डॉक्टरने कोलकात्याजवळ केला. बांबूंवरून ताणलेली त्याची तार सुमारे २१ मैलांची होती. १८५१ मध्ये कोलकाता ते डायमंड हार्बर ही वाहिनी उभी राहिली आणि १८५५ मध्ये तारसेवा जनतेला खुली झाली. तोवर कोलकाता, आग्रा, मुंबई आणि मद्रास एकमेकांशी जोडले गेले होते.

पावसाळा आला की या तारेचा खरा कस लागे. ओल्या खांबांवरून प्रत्येक ठिकाणी किंचित प्रवाह जमिनीत उतरे. एका खांबावरची गळती नगण्य. शेकडो खांबांची मिळून संदेश पुसट करणारी. ऊन पडले की तार पुन्हा बोलू लागे. येऊन-जाऊन असणारा बिघाड तो हाच.

४/
आता १८५८. त्या वर्षीच्या ऑगस्टमध्ये आयर्लंड आणि न्यूफाउंडलंड यांच्यामध्ये समुद्राखालून सुमारे २००० मैलांची तार टाकून पूर्ण झाली. १६ ऑगस्टला राणी व्हिक्टोरियाचा संदेश अमेरिकेच्या अध्यक्षांकडे निघाला. शब्द ९८, पोहोचायला लागले सुमारे १६ तास.

या तारेचा भारताशीही संबंध आला. १८५७ च्या उठावामुळे कॅनडातील ब्रिटिश पलटणींना माघारी बोलावण्यात आले होते. उठाव शमत आल्यावर तो हुकूम या तारेने रद्द झाला आणि सरकारचे सुमारे ५०,००० पौंड वाचले, असे तेव्हा सांगितले गेले.

त्यानंतर काही दिवसांतच तार मुकी झाली. तिचे आयुष्य तीन-चार आठवड्यांचे ठरले.

५/
घडले काय होते? तारेचा मुख्य विद्युततज्ज्ञ वाइल्डमन व्हाइटहाउस हा पेशाने शल्यवैद्य होता. संदेश पुसट येऊ लागले तेव्हा त्याने दाब वाढवला. मोठी प्रेरण वेटोळी लावून सुमारे २००० व्होल्टचे झटके तारेत सोडले. आवाज ऐकू येत नसेल तर अधिक मोठ्याने ओरडावे, असा हा न्याय होता.

तार मुळातच दुखणाईत होती. तांब्याभोवती गटापर्चा या चिकाचे वेष्टन होते. टाकण्यापूर्वी तार उन्हात पडून राहिल्याने ते काही ठिकाणी मऊ झाले आणि आतले तांबे मध्यावरून सरकले. अशा पातळ जागी वाढवलेल्या दाबाने वेष्टन फोडले. थेंबथेंब गळणाऱ्या नळाला जोराचा पंप लावावा आणि नळच फुटावा, तसे झाले.

६/
दुसऱ्या बाजूला होता ग्लासगोचा प्राध्यापक विल्यम थॉमसन, पुढे लॉर्ड केल्व्हिन म्हणून ओळखला गेलेला. त्याची वृत्ती उलट होती. दाब कमीच ठेवावा आणि मोजण्याचे साधन अधिक संवेदनशील करावे. त्याने गॅल्व्हानोमीटरला चिमुकला आरसा बसवला. आरशावरून परतणारा प्रकाशाचा ठिपका अत्यल्प प्रवाहानेही सरके.

तार मेल्यावरही मोजमाप थांबले नाही. तारेचा रोध लांबीच्या प्रमाणात वाढतो. एका मैलाचा रोध ठाऊक असेल, तर किनाऱ्यावरून मोजलेल्या रोधावरून बिघाड किती मैलांवर आहे याचा अंदाज करता येतो. तज्ज्ञांनी किनाऱ्यावर बसून सांगितले की दोष आयर्लंडपासून काहीशे मैलांवर आहे. समुद्राचा तळ कोणी पाहिला नव्हता. तो आकड्यांनी चाचपला होता.

७/
या अपयशाची रीतसर चौकशी झाली. तिचा अहवाल १८६१ मध्ये आला आणि त्याच वर्षी ब्रिटिश असोसिएशनने रोधाचे प्रमाणित एकक ठरवण्यासाठी समिती नेमली. तोपर्यंत रोध मोजण्याचे सर्वमान्य एककच नव्हते. एकाचे माप दुसऱ्याला लागू पडत नसे. ज्या जर्मन शिक्षकाने १८२७ मध्ये दाब, प्रवाह आणि रोध यांचा संबंध मांडला होता, त्या गेओर्ग ओम याचे नाव पुढे त्या एककाला मिळाले.

१८६६ मध्ये टाकलेली तार टिकली. मधल्या आठ वर्षांत तारेतले तांबे अधिक जाड आणि शुद्ध झाले होते. त्याबरोबर बदलली होती शिस्त: तार बनताना, जहाजात चढताना, समुद्रात उतरताना, प्रत्येक टप्प्यावर मोजणी.

८/
ही शिस्त रावेरच्या दारापर्यंत आली ती १८७० मध्ये. त्या वर्षी ‘ग्रेट ईस्टर्न’ या महाकाय जहाजाने मुंबई ते एडन अशी समुद्रतार टाकली. त्याच वर्षी मार्चमध्ये जबलपूरमार्गे मुंबई–कोलकाता लोहमार्ग सलग झाला. भुसावळहून खंडव्याकडे जाणारा त्याचा टप्पा रावेरवरूनच जातो. केळीच्या वॅगनांनी पुढे प्रसिद्धीस आलेल्या या मार्गाच्या कडेने आगगाड्यांइतकेच तारेचे खांबही धावू लागले.

९/
अशा लांब वाहिनीवर बिघाड कसा शोधीत? समजा मुंबईहून खंडव्याला संदेश पोहोचत नाही. प्रत्येक खांब तपासत जाणे अशक्य. म्हणून मधले ठिकाण गाठायचे. भुसावळपर्यंत तार ठीक असेल, तर दोष भुसावळच्या पुढे. मग रावेरपाशी तपासायचे. तिथवर ठीक असेल, तर दोष रावेर आणि खंडवा यांच्यामध्ये. प्रत्येक तपासणीत संशयाचे क्षेत्र निम्मे होते. हजार खांबांमधला दोषी खांब अशा रीतीने साधारण दहा तपासण्यांत सापडतो.

मोजावे, विभागावे, वेगळे काढावे. ही तीन क्रियापदे लक्षात ठेवण्याजोगी आहेत. अंगणातल्या मोटारीपाशी ती पुन्हा भेटतील.

१०/
आता बॅटरीकडे. अटलांटिकची तार मेल्यानंतर वर्षभराने, १८५९ मध्ये, गास्तों प्लाँते या फ्रेंच शास्त्रज्ञाने शिसे आणि गंधकाम्ल यांची पुन्हा पुन्हा भरता येणारी बॅटरी बनवली. १८८१ मध्ये कामिय फोर याने शिशाच्या पट्ट्यांवर लेप देऊन तिची क्षमता वाढवली. आजच्या बहुतेक मोटारींत हीच जात आहे.

बॅटरी उतरते तेव्हा तिच्या दोन्ही पट्ट्यांवर शिशाचे सल्फेट साचते आणि भरताना ते पुन्हा विरघळते. बॅटरी दीर्घकाळ अर्धी उतरलेली राहिली, तर त्या सल्फेटचे टणक स्फटिक होतात आणि मग ते सहजी विरघळत नाहीत. म्हणूनच गळती दुहेरी नुकसान करते. रात्रीची वीज जाते आणि बॅटरीचे आयुष्यही.

११/
मोटारीत बॅटरीला मध्यवर्ती स्थान मिळाले १९१२ मध्ये. त्याआधी इंजिन हँडल फिरवून सुरू करीत आणि उलट फिरलेले हँडल मनगट मोडीत असे. चार्ल्स केटरिंगने घडवलेला विजेचा स्टार्टर त्या वर्षी कॅडिलॅक गाड्यांत आला. आपल्याकडे त्याला नुसते ‘सेल्फ’ म्हणतात.

सेल्फने स्त्री-पुरुष, थोर-अशक्त सर्वांना गाडी सुरू करता येऊ लागली. त्याबरोबर एक परावलंबनही आले. हँडलला बॅटरी लागत नव्हती; सेल्फला काही क्षणांसाठी शंभराहून अधिक अँपिअर लागतात. बॅटरी थोडी उतरली तरी दिवे लागतात, हॉर्न वाजतो, पण सेल्फ फिरत नाही. ‘दिवे लागतात, म्हणजे बॅटरी चांगली’ हा समज येथेच फसतो.

१२/
तारायंत्राने मोटारीला आणखी एक वारसा दिला. १८३८ मध्ये कार्ल श्टाइनहाइल या जर्मन शास्त्रज्ञाने दाखवले की तारायंत्राला परतीची दुसरी तार लागत नाही. जमिनीतूनच प्रवाह परत येतो. निम्मी तार वाचली.

मोटारीत जमिनीची जागा लोखंडी सांगाड्याने घेतली. बॅटरीचे एक टोक सांगाड्याला जोडलेले असते आणि प्रत्येक दिव्याचा प्रवाह त्यातून परततो. रबरी चाकांवर उभ्या गाडीचा जमिनीशी काहीही संबंध नसताना गॅरेजमध्ये त्याला आजही ‘अर्थ’ म्हणतात. जुन्या गाडीच्या निम्म्या कोड्यांचा अर्थ या ‘अर्थ’मध्ये दडलेला असतो: गंजलेला नट, रंगाखाली बसवलेली पट्टी, इंजिन आणि सांगाडा यांना जोडणारी झिजलेली वेणी.

१३/
महाराष्ट्रात ही विद्या घराघरांत नेणारी गाडी म्हणजे फियाट. वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्सची स्थापना केली आणि मुंबईतील कुर्ल्याचा कारखाना उभा राहिला. तेथील फियाट ११०० पुढे प्रीमियर पद्मिनी या नावाने विसावे शतक संपेपर्यंत बनत राहिली.

डायनॅमोच्या काळातील गाड्यांमध्ये कटआउट नावाची छोटी डबी असे. इंजिन फिरू लागले की तिचे टोक चिकटून डायनॅमो बॅटरी भरी. इंजिन थांबले की टोक सुटून संबंध तुटे. ते टोक जळून चिकटून राहिले, तर रात्री उलटाच व्यवहार सुरू होई आणि बॅटरी डायनॅमोतून रिकामी होई. जाणता इलेक्ट्रिशियन आधी या डबीचे झाकण उघडी.

१४/
१९६० च्या सुमारास क्रायस्लरने आपल्या गाड्यांत डायनॅमोऐवजी ऑल्टरनेटर आणला आणि हळूहळू जगभर तोच रूढ झाला. कटआउटची राखण आता डायोडकडे आली. डायोड प्रवाहाला एकाच दिशेने जाऊ देतो. मात्र तो बिघडला की तीच जुनी चोरी नव्या दाराने होते आणि डोळ्यांना काही दिसत नाही.

पुढे गाड्यांत संगणकीय नियंत्रण, सेंट्रल लॉक, स्मृती असलेला रेडिओ आला. ही साधने गाडी बंद असतानाही किंचित वीज घेतात. निरोगी गाडीत हा भार साधारण ५० मिलिअँपिअरच्या आत असतो. त्याखेरीज बाजारातून बसवलेला म्युझिक सिस्टिम, जादा हॉर्न आणि अलार्म. अशा वाढीव वायरिंगचा एखादा सैल जोड हा जुन्या गाडीतला पहिला संशयित समजावा.

१५/
आकडे बोलके आहेत. ३५ अँपिअर-तासांची भरलेली बॅटरी ५० मिलिअँपिअरच्या भाराने रिकामी व्हायला सुमारे ७०० तास, म्हणजे २९ दिवस लागतील. डिकीतला ५ वॉटचा दिवा झाकण बंद केल्यावरही जळत राहिला, तर तो सुमारे ०.४ अँपिअर घेतो. मग तीच बॅटरी साडेतीन दिवसांत संपते. सेल्फ फिरण्याइतकी ताकद तर त्याच्या बरीच आधी जाते.

‘तीन दिवस उभी राहिली की बंद पडते’ या तक्रारीत गळतीचे मापच लपलेले असते. ते वाचता आले पाहिजे.

१६/
खानदेशाने या कोड्यात आपली भर घातली आहे. जळगाव जिल्ह्यात मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या पुढे जातो. बॉनेटखालची उष्णता त्याहून कितीतरी अधिक. तापमान १० अंशांनी वाढले की रासायनिक क्रियांचा वेग ढोबळमानाने दुप्पट होतो. पट्ट्या लवकर गंजतात, पाणी आटते, वायरवरचे आवरण कडक होऊन तडकते.

पण उन्हाळ्यात गाडी सुरू होत राहते, कारण उष्ण इंजिन सहज फिरते. दोष उघडा पडतो तो डिसेंबर-जानेवारीत. थंड तेल घट्ट असते आणि थंड बॅटरी आळसावलेली. उन्हाळा मारतो आणि हिवाळा दाखवतो. १८५८ ची तारही अशीच उन्हात बिघडली आणि पाण्यात मेली होती.

१७/
आता मोजण्याचे साधन. विसाव्या शतकाच्या आरंभी ब्रिटिश टपाल खात्यात डोनाल्ड मॅकाडी नावाचा अभियंता होता. दूरसंचाराच्या वाहिन्या तपासताना प्रवाह, दाब आणि रोध यांसाठी वेगवेगळी यंत्रे वाहून नेणे त्याला जाचक वाटे. त्याने तिन्ही मापे एका पेटीत बसवली. अँपिअर, व्होल्ट, ओम यांच्या आद्याक्षरांवरून तिचे नाव ‘आव्हो’ पडले. १९२३ मध्ये ती बाजारात आली. आजचा मल्टिमीटर तिचाच वंशज. भारतात मोटवाने या कंपनीचे नाव मल्टिमीटरशी जोडले गेले आणि तिचा कारखाना नाशिक रोडला आहे.

तारखात्याची विद्या अशी मीटरच्या रूपाने गॅरेजच्या फळीवर येऊन बसली.

१८/
मग अंगणातल्या त्या गाडीचे निदान कसे करावे? पहिले क्रियापद: मोजावे.

गाडी रात्रभर उभी राहिल्यावर बॅटरीच्या टोकांमधील दाब पाहावा. १२.६ व्होल्टच्या आसपास म्हणजे भरलेली, १२.२ म्हणजे साधारण अर्धी. इंजिन चालू असताना तो १३.८ ते १४.४ दरम्यान असावा. तसा नसेल, तर दोष भरण्याच्या व्यवस्थेत आहे आणि गळती शोधण्यात वेळ घालवू नये. पूर्ण भरून, दोन्ही टोके सोडून ठेवलेली बॅटरीही रात्रीत उतरत असेल, तर दोष खुद्द बॅटरीत.

या तीन मोजण्यांनी तिन्ही संशयित वेगळे होतात. त्यांच्याशिवाय नवी बॅटरी घेणे म्हणजे व्हाइटहाउसची वेटोळी पुन्हा लावणे.

१९/
दुसरे आणि तिसरे क्रियापद: विभागावे, वेगळे काढावे.

गाडी बंद करून बॅटरीचे ऋण टोक सोडावे आणि मीटर १० अँपिअरच्या मापावर ठेवून मधे जोडावा. या स्थितीत सेल्फ मारू नये. मीटरचा फ्यूज उडेल. गाडीतील नियंत्रक झोपी जायला वीस ते चाळीस मिनिटे लागू शकतात, तितके थांबावे. आकडा तरीही मोठा राहिला, तर एकेक फ्यूज काढत जावे. ज्या फ्यूजपाशी आकडा धाडकन उतरेल, त्या शाखेत चोर आहे. भुसावळ, रावेर, खंडवा हीच ती रीत.

सारे फ्यूज काढूनही आकडा उतरला नाही, तर ऑल्टरनेटरची जाड वायर सोडून पाहावी. ती थेट बॅटरीकडे जाते आणि बिघडलेला डायोड तिथेच पकडला जातो. वायर सोडण्याआधी बॅटरीचे टोक मात्र काढलेले असावे.

२०/
अडखळीसाठी रीत थोडी निराळी. बंद गाडीत रोध मोजला, तर तुटत आलेली वायरही चांगली दिसते; एक धागा शिल्लक असला तरी मीटर समाधानी होतो. म्हणून जोडाची परीक्षा भाराखाली घ्यावी. सहायकाने सेल्फ मारावा आणि त्या क्षणी बॅटरीचे ऋण टोक व इंजिनचे लोखंड यांमधील दाब पाहावा. तो जेमतेम ०.२ ते ०.३ व्होल्ट असावा. अधिक असेल, तर ‘अर्थ’च्या वाटेवर अडथळा आहे.

त्यानंतर वायरचा झुपका हलवून पाहावा. तक्रार कधी येते याची नोंदही ठेवावी: पाऊस पडल्यावर, गाडी तापल्यावर, खड्ड्यातून गेल्यावर? अशी नोंदही मोजमापच असते.

२१/
भारतातील तारसेवा जुलै २०१३ मध्ये बंद झाली. मुंबईच्या रस्त्यांवरून शेवटची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये हटली. यंत्रे इतिहासजमा होतात आणि त्यांच्याबरोबर त्यांची नाडी ओळखणारे हातही कमी होत जातात. सुटा भाग बदलून पाहणे सोपे असते. दोष शोधण्याला वेळ लागतो आणि त्या वेळेचे पैसे द्यायला गिऱ्हाईक नाखूश असते.

त्यात गमावले जाते ते केवळ एका बॅटरीचे मोल नाही. अवेळी दवाखान्याकडे निघालेली गाडी अंगणातच थबकली, तर न शोधलेल्या दोषाची किंमत निराळ्याच मापाने चुकवावी लागते.

२२/
शेवटी पुन्हा तेच अंगण. बॉनेट उघडे आहे, मीटरवर आकडा स्थिर आहे: ०.४२. इलेक्ट्रिशियन एक फ्यूज काढतो, काही नाही. दुसरा, काही नाही. पाचवा काढताच आकडा ०.०३ वर येतो. तो उठून डिकीकडे जातो, झाकण किंचित उचलून आत डोकावतो. दिवा जळतो आहे. खटका अडकलेला आहे.

बॅटरी शाबूत होती. थॉमसनने आरशातल्या प्रकाशाच्या ठिपक्याकडे ज्या धीराने पाहिले असेल, तोच धीर इथे त्या पाचव्या फ्यूजपर्यंत टिकला.